४५७ म्हणजे ४०० अधिक ५७: लेकीच्या न्यूमोनियाचे अकरा दिवस

माझ्या चार वर्षांच्या लेकीला, चिमीला, ऑगस्टमध्ये न्यूमोनिया झाला. तीन दिवस दवाखान्यात शिरेतून आणि सात दिवस घरी तोंडाने, असं तिला एकच अँटिबायोटिक मिळालं. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड यांची जोडी, मेडिकलवाले ज्याला 'अमॉक्सिक्लॅव्ह' म्हणतात ती. लेक आता ठणठणीत आहे. पण मधल्या दोन डोसांना तिला अर्धंच औषध गेलं, आणि ते माझ्या हाताने गेलं. हे कसं झालं ते तारखेनिशी लिहून ठेवतेय. हे औषध बहुतेक घरांत कधी ना कधी येतंच, आणि त्या दिवसांत मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

सुरुवात १० ऑगस्ट २०२५ च्या रविवारी झाली. साधी सर्दी, रात्री ताप. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं आणि एकच गोष्ट बजावली: झोपेत असताना पोटावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त झाला तर वाट बघू नका. मंगळवारी रात्री मी मोबाइलचं घड्याळ लावून मोजले तर ५२ भरले. परत मोजले, ५४. बरगड्यांच्या खालची कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. बुधवारी, १३ तारखेला सकाळी एक्स-रे काढला. उजव्या बाजूला खाली पांढरा ढग दिसत होता. दुपारी साताऱ्यातल्याच एका खासगी रुग्णालयात भरती केलं.

भरतीच्या टेबलावर १५,००० रुपये डिपॉझिट भरलं, पॉलिसीचं कार्ड, दोघांची आधार कार्डं आणि डॉक्टरांची चिठ्ठी दिली, आणि कॅशलेसच्या फॉर्मवर सह्या केल्या. मंजुरी यायला संध्याकाळ झाली, पण उपचार त्यासाठी थांबले नाहीत. सिस्टरनी आल्याआल्या तीन गोष्टी विचारल्या: वजन किती, याआधी कुठलं अँटिबायोटिक दिलंय, आणि पेनिसिलिनच्या गटातल्या औषधाची ॲलर्जी आहे का, घरात कुणाला आहे का. अमॉक्सिसिलिन त्याच गटातलं. वजन मी अंदाजाने "पंधरा-सोळा" म्हणाले, तर त्यांनी चिमीला काट्यावर उभं केलं. १६ किलो. मुलांचा डोस वजनावर ठरतो, वयावर नाही, हे मला तिथे कळलं. मग मनगटाच्या वर कातडीत अगदी थोडं औषध टोचून भोवती निळ्या पेनने गोल केला. वीस मिनिटं तो गोल बघत बसलो. लाली नाही, गांध नाही.

औषध तयार करताना मी शेजारी उभी होते. सिस्टरनी ६०० मिलिग्रॅमच्या वायलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या पुडीच्या छोट्या बाटलीत, पाणी सोडलं, हलवलं, आणि ते क्षणभर फिकट गुलाबी झालं. मी घाबरले. "होतं ताई कधी कधी, बघा, जाईलच रंग," त्या म्हणाल्या, आणि खरंच तो गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा झाला. त्यातलं ४८० मिलिग्रॅमच मोजून घेतलं, उरलेलं टाकून दिलं. माझ्या तोंडून निघालं, "पुढच्या डोसला नाही का चालणार?" तर म्हणाल्या, एकदा पाणी घातलं की हे पंधरा-वीस मिनिटांत वापरायचं, नाहीतर ताकद जाते. शिवाय हे साखरेच्या सलाईनमध्ये घालत नाहीत, साध्या मिठाच्याच. बाटली टांगताना त्यांनी लेबल मोठ्याने वाचलं, चिमीच्या हातावरच्या पट्टीवरचं नाव वाचलं, आणि मग थेंब सोडले. अर्ध्या तासात संपलं. असं दर आठ तासांनी, म्हणजे रात्री दोन वाजतासुद्धा.

गुरुवारी रात्री सलाईन सुरू असताना ती "आई, हात, हात" करून रडायला लागली. सुईची भीती असेल म्हणून मी थोपटत राहिले. सिस्टरनी येऊन चिकटपट्टी सोडवली तर सुईच्या वरची शीर लाल आणि दोरीसारखी कडक झाली होती. लगेच काढलं. दुसऱ्या हाताला शीर सापडायला चाळीस मिनिटं लागली, तीनदा टोचावं लागलं. मग पुठ्ठ्याचा तुकडा कापसात गुंडाळून तळहाताखाली बांधला, हात वाकू नये म्हणून. सुईच्या जागी मूल दुखतंय म्हणालं तर रडणं समजून सोडून देऊ नका, तिथल्या तिथे बोलवा. मी पाच-सात मिनिटं घालवली, त्याचं अजून वाईट वाटतं.

शुक्रवारी स्वातंत्र्यदिन. ताप उतरला होता, श्वास ३४ वर आले होते, तिने दीड पोळी खाल्ली. राउंडला डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळचं इंजेक्शन झालं की पातळ औषधावर नेऊ, घरी जा. सासूबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांना ते पटलं नाही. "एवढा न्यूमोनिया आणि तोंडाच्या औषधाने काय होणार? आणखी दोन दिवस सुईचंच द्या की." माझ्याही मनात तेच होतं, मी बोलले नव्हते इतकंच. डॉक्टरांनी आईंना समजावलं ते छान होतं. मूल श्वासाने थकलेलं असतं, उलटी करतं, गिळत नाही, तेव्हा शिरेतून द्यावं लागतं, कारण तेव्हा पोटावर भरवसा ठेवता येत नाही. एकदा ताप उतरला, खाणं सुरू झालं, की हेच औषध आतड्यातून चांगलं शोषलं जातं. मग हातात सुई ठेवायची म्हणजे शीर सुजण्याचा आणि नवा जंतुसंसर्ग होण्याचा धोका उगाच वाढवायचा. "औषध बदलत नाही आजी, फक्त आत जायची वाट बदलतेय."

शनिवारी, गोपाळकाल्याच्या दिवशी, सुटी मिळाली. नियमाप्रमाणे विमा कंपनीने अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायला हवी. आम्हाला साडेपाच तास लागले. बाहेर गोविंदांचे ढोल वाजत होते आणि आत चिमी घरी जायचं म्हणून चप्पल घालून बसली होती. एकूण बिल ३१,४०० रुपये, त्यातले २,५६० आम्ही भरले, हातमोजे, नेब्युलायझरचा मास्क वगैरे विम्यात न बसणारं. न वापरलेल्या दोन वायल आणि सलाईनचे सेट रुग्णालयाच्या मेडिकलमध्ये परत केले, त्याचे पैसे वळते झाले. हे स्वतःहून विचारावं लागतं.

आणि डिस्चार्ज कार्ड मिळालं. त्यावर छापलं होतं: सिरप अमॉक्सिक्लॅव्ह, ५ मिलि, दिवसातून दोनदा, सात दिवस. मी ते वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं. त्यात काय नव्हतं ते मला दिसलं नाही.

रुग्णालयाच्या मेडिकलने ३० मिलिची एक बाटली दिली, तेवढीच शिल्लक होती. बाटलीत पांढरी पूड, खोक्यात पाण्याची प्लास्टिकची छोटी नळकांडी. घरी आल्यावर हे मिसळायचं काम मी पहिल्यांदा केलं. फार्मासिस्टने सांगितलं होतं तसंच केलं: आधी बाटली तळहातावर आपटून पूड मोकळी करायची, निम्मं पाणी घालून झाकण लावून जोरात हलवायची. मग फेस बसेपर्यंत पाच मिनिटं थांबायचं, आणि नंतर लेबलवरच्या बाणाच्या खुणेपर्यंत उरलेलं पाणी घालायचं. फेस असताना खूण बघितली तर पाणी कमी पडतं आणि औषध घट्ट होतं. खोक्यात पाणी नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं, कोमट सुद्धा नाही. लेबलवर मी मिसळल्याची तारीख लिहिली: १६/८, रात्री ८. मिसळलेलं औषध फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि सात दिवसांनंतर उरलं तरी टाकून द्यायचं. तीन बाटल्या लागणार असतील तर तिन्ही एकदम कालवून ठेवायच्या नाहीत. पूड कोरडी आहे तोवरच टिकते.

मोजायला मी मेडिकलमधून बिनसुईची ५ मिलिची सिरिंज घेतली, दहा रुपये. आमच्या घरातल्या दोन चमच्यांत पाणी घालून सिरिंजने मोजून पाहिलं. एकात साडेतीन मिलि बसलं, दुसऱ्यात सहाच्या वर. तेव्हापासून चमचा बंद. दर वेळी बाटली हलवायची, कारण औषध तळाला बसतं, आणि न हलवता दिलं तर पहिले डोस पाणचट आणि शेवटचे दाट जातात. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला धरून थोडं थोडं सोडायचं. सकाळी आठ, रात्री आठ, जेवणाचे पहिले दोन घास झाले की लगेच. अन्नाबरोबर दिल्याने पोट कमी बिघडतं.

तरी सोमवारी तिला तीन वेळा पातळ शी झाली. फोन केला. या जोडीतल्या क्लॅव्हुलॅनिक ॲसिडने असं बरेचदा होतं, म्हणाले. ओआरएस द्या, दही-भात द्या, औषध मध्येच थांबवू नका, आणि जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनाने मुळीच नको. रक्त दिसलं, अंगावर पित्तासारखं उठलं, ओठ-डोळे सुजले, किंवा औषध घेतल्यापासून अर्ध्या तासात सगळं उलटून पडलं तर मात्र लगेच कळवा. मी हे फ्रिजच्या दारावर लिहून लावलं. बुधवारी पोट आपोआप ताळ्यावर आलं.

आता त्या बाटलीची गोष्ट. १८, १९ तारखेला पावसाने नुसतं झोडपलं. वीज जात-येत होती, मी औषधाची बाटली गार पाण्याच्या पातेल्यात, ओल्या फडक्यात ठेवत होते. मंगळवारी, १९ तारखेला सकाळी पहिली बाटली सहाव्या डोसाला संपली. रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून नवरा डिस्चार्ज कार्ड घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. त्यांनी कार्ड वाचलं, बाटली दिली. कंपनी वेगळी होती, पण नाव तेच, खोकं जवळपास तसंच. ६४ रुपये. 'स्वस्त मिळालं' एवढंच तेव्हा वाटलं. रात्रीचा डोस दिला, बुधवारी सकाळचा दिला.

बुधवारी दुपारी मी जुनी बाटली धुऊन कोरड्या कचऱ्यात टाकायला घेतली. लेबलची कड निघाली होती, ती दाबताना आकडा डोळ्यासमोर आला: ४५७. फ्रिजमधली बाटली काढली. तिच्यावर २२८.५. मी दोन्ही बाटल्या ओट्यावर शेजारी ठेवल्या आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. दोन्हींवर ५ मिलि लिहिलेलं. दोन्हींवर एकच नाव. पाय गळाले माझे.

आधी चिमीचे श्वास मोजले. ३०. कपाळ गार. मग वॉर्डमध्ये फोन लावला, डॉक्टरांशी बोलायला मिळेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. ते शांत होते. दोन डोस निम्मे गेले, मुलीला ताप नाही, श्वास ठीक आहेत, आज रात्रीपासून ४५७ चं ५ मिलि सुरू करा. राहिलेलं भरून काढायला दुप्पट देऊ नका. २३ तारखेला सकाळी कोर्स पूर्ण करा, ताप आला तर त्याच दिवशी घेऊन या. मी विचारलं, २२८.५ चं १० मिलि दिलं तर चाललं नसतं का? म्हणाले, हिशेबाने तेवढंच होतं, पण घरात दोन ताकदीच्या बाटल्या आणि दोन वेगवेगळी मापं नकोत. रात्री आजी औषध देतील तेव्हा कोण लक्षात ठेवणार? हे मला फार पटलं.

संध्याकाळी पावसातच मी स्वतः बाजारातल्या मोठ्या मेडिकलमध्ये गेले. तिथल्या फार्मासिस्ट मॅडमनी खोक्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने बेरजा लिहून दाखवल्या, तो पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे. नावापुढचा आकडा म्हणजे दोन औषधांची बेरीज. ४५७ म्हणजे ४०० अमॉक्सिसिलिन अधिक ५७ क्लॅव्हुलॅनिक. २२८.५ म्हणजे २०० अधिक २८.५. गोळ्यांत ६२५ म्हणजे ५०० अधिक १२५, ३७५ म्हणजे २५० अधिक १२५, आणि १००० ची गोळी म्हणजे ८७५ अधिक १२५. मोठ्यांचं १.२ ग्रॅमचं इंजेक्शन म्हणजे १००० अधिक २००. पहिलं औषध जंतू मारतं. दुसरं स्वतः फारसं मारत नाही, जंतू पहिल्याला तोडायला जे रसायन सोडतात त्याला ते अडवतं. सगळ्या रूपांत या दोघांचं प्रमाण सारखं नसतं, म्हणून एका रूपाऐवजी दुसरं घेताना साधं त्रैराशिक चालत नाही.

ते ऐकताना मला बाबांचा, माझ्या सासऱ्यांचा, जूनमधला प्रकार आठवला. दाढ काढल्यावर त्यांना ६२५ लिहून दिली होती. दुकानात नव्हती, तर त्यांनी ३७५ च्या दोन-दोन घ्या, म्हणून दिल्या. बाबांना वाटलं, जास्तच झाली, चांगलंच झालं. मॅडमनी पेन्सिलीने लिहिलं: दोन ३७५ म्हणजे ५०० अधिक २५०. जंतू मारणारं औषध तेवढंच, क्लॅव्हुलॅनिक दुप्पट. बाबा तेव्हा तीन दिवस पोटाने हैराण होते, आणि आम्ही त्याचा दोष दाढेनंतरच्या पातळ खिचडीला देत होतो.

घरी येऊन बाबांची गोळ्यांची स्टीलची डबी उघडली. जूनमधल्या चार गोळ्या पट्टीतून सोडवून ठेवलेल्या होत्या, पिवळट, वर तपकिरी ठिपके. हे औषध ओल धरतं, म्हणून गोळी घ्यायच्या वेळीच पट्टी फोडायची, हेही मॅडमनीच सांगितलं होतं. पट्टीच्या कडेला उभी लाल रेघ असते ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत अशा औषधांची खूण. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिची मोहीम चालवली होती. बाबा म्हणाले, "मला वाटायचं ती डिझाइन आहे." मी त्यांना विचारलं, मग कोर्स पूर्ण का नाही केला? "बरं वाटलं ना. आणि पोट बिघडलं. म्हटलं, पुढच्या खेपेला होतील." त्या चार गोळ्या आणि चुकीच्या बाटलीतलं उरलेलं वीस मिलि मी चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवीत बांधून कचऱ्यात दिलं. बेसिनमध्ये ओतलं नाही, अँटिबायोटिक पाण्यात जायला नको. आईंना ते औषध पुढच्या सर्दीसाठी ठेवायचं होतं. मी त्यांना बाटलीवरची तारीख दाखवली, आणि सर्दी विषाणूची असते, तिला हे औषध लागतच नाही, हेही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पिशवीची गाठ त्यांनीच मारली.

शुक्रवारी, २२ तारखेला रुग्णालयात कार्ड दुरुस्त करून घ्यायला गेले. खिडकीवर म्हणाले, एकदा छापलेलं कार्ड बदलत नाही. मी भांडले नाही. दोन्ही खोकी, दोन्ही बिलं आणि कार्डाची झेरॉक्स पुढे ठेवली आणि म्हटलं, औषधाची ताकद लिहिलेली नाही, त्यामुळे बाळाला दोन डोस निम्मे गेले, मला लेखी दुरुस्ती हवी. रेकॉर्ड विभागाच्या नावाने साधा अर्ज लिहायला सांगितला. भरतीचा नंबर, तारीख, डॉक्टरांचं नाव, काय दुरुस्ती हवी ते, सोबत आधारची प्रत. फी शंभर रुपये. सोमवारी, २५ तारखेला कार्ड मिळालं, डॉक्टरांची सही आणि शिक्का असलेलं: ४५७ मिलिग्रॅम प्रति ५ मिलि. त्यांनी माझ्यादेखत सिस्टरना बोलावून सांगितलं की मुलांच्या पातळ औषधापुढे ताकद लिहिल्याशिवाय कार्ड छापायचं नाही. ते पुढे पाळलं जावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

औषधाचा त्रास झाला तर तो सरकारलाही कळवता येतो, हे मला तिथल्या भिंतीवरच्या फलकामुळे समजलं. औषध सतर्कता कार्यक्रमाचा मोफत नंबर आहे, १८००-१८०-३०२४. रुग्ण किंवा घरचे कुणीही कळवू शकतात. फोन करताना औषधाचं नाव, बॅच नंबर आणि तारखा हाताशी लागतात, म्हणून खोकी कोर्स संपेपर्यंत टाकू नका.

शेवटचा डोस त्याआधीच, शनिवारी २३ तारखेला सकाळी आठला संपला होता. चिमीने रिकामी सिरिंज मागून घेतली आणि दिवसभर बाहुलीला 'पाच मिलि' पाजत होती. २६ तारखेला, गणपतीच्या आदल्या दिवशी, तपासणी झाली. छाती मोकळी, श्वास २४, परत एक्स-रे लागणार नाही असं सांगितलं.

भरतीनंतरच्या खर्चाचा क्लेम स्वतः पाठवावा लागतो: मूळ बिलं, चिठ्ठी, दुरुस्त कार्ड, फॉर्म आणि रद्द केलेला चेक. आमच्या पॉलिसीत त्याला साठ दिवस आहेत. मी १ सप्टेंबरला कुरिअरने पाठवला, आणि २२ सप्टेंबरला ८७० रुपये खात्यात जमा झाले. त्या ६४ रुपयांच्या बाटलीचं बिल मी क्लेमला लावलं नव्हतं. ते चिमीच्या फाइलमध्ये दुरुस्त कार्डाला टाचून ठेवलंय, त्यामागे मॅडमनी पेन्सिलीने बेरजा केलेला तो पुठ्ठा.